मुंडीची वडी आणि मठाची बिअर

"जेवण अगदी साधं ठेवायचं," असं फिर्मिन कालेवार्टने जाहीर केलं, तेव्हा त्याच्या बायकोने, रोझानने, हातातला कॉफीचा कप खाली ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कोणत्या शब्दाला घाबरायचं हे बायकोला आपोआप कळतं. मागे एकदा फिर्मिनने कोंबड्यांसाठी 'साधं' खुराडं बांधायला घेतलं होतं. त्या कामात शेवटी अग्निशामक दलाची गाडी आली. कोंबड्या अजून यायच्या आहेत.

फिर्मिन हा प्रांताच्या ओढे-नाले खात्यातला अधिकारी. आपल्या सहीशिवाय पश्चिम फ्लांडर्समधलं पाणी समुद्राकडे जात नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत होती, आणि पाण्याने ती कधी उघडपणे खोडून काढली नव्हती. मोलेनकापेल गावात त्याचं विटांचं टुमदार घर, मागे परस, परसात एक पेअरचं झाड आणि लालचुटुक गोल मुळ्याचे चार वाफे. एकुलती एक मुलगी लीझलोट अँटवर्पला नोकरी करायची. तिथे तिने वानेस गोसेनार्ट्स नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगलाच होता. भानगड मुलाच्या बापाची होती. बाप नोटरी होता. आणि घराजमिनीचे दस्त करणारा तिकडचा नोटरी म्हणजे मानाने डॉक्टरच्या वर आणि बिशपच्या किंचित खाली.

तर हे नोटरीसाहेब आणि त्यांच्या पत्नी शनिवारी दुपारी प्रथमच घरी येणार होते. फोनवर लीझलोट म्हणाली, "पपा, आपण सगळे ईपरला हॉटेलात जाऊ या ना. घरी कशाला?"

बस. 'घरी कशाला' हे दोन शब्द फिर्मिनच्या घशात माशाच्या काट्यासारखे रुतले. रात्रीच्या जेवणात त्याने बटाट्याला तीनदा काटा मारला आणि तीनदा तो खाली ठेवला.

"तिला आपली लाज वाटते," तो म्हणाला.

"तिला तुझ्या खुराड्याची आठवण झाली असेल," रोझान म्हणाली.

पण फिर्मिनचं ठरलं होतं. वाइनच्या लढाईत आपण अँटवर्पकरांना पुरे पडणार नाही. पाच प्रकारचे पेले आणि सात प्रकारचे काटे त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या आहेत. तेव्हा आपण वेगळ्याच मैदानात उतरायचं. साधेपणाच्या. पूर्वी शेतावर माणसं दुपारी जे खायची तेच ठेवायचं. घरचा जाड सालीचा पाव, लोणी, चक्क्यासारखं मऊ ताजं चीज, त्यावर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात, मुंडीची वडी आणि वाटलेली तिखट मोहरी. आणि सोबत मठातल्या साधूंनी केलेली काळी कडक बिअर, जी घटाघटा प्यायची नसते, विचार करत प्यायची असते.

"आणि त्या मॅडमनी विचारलं, वडी कशाची आहे, तर?" रोझानने विचारलं.

"सांगायचं."

"काय सांगायचं?"

"डुकराच्या मुंडीची. शिजवून थिजवलेली."

"फिर्मिन, नोटरीच्या बायको आहेत त्या."

"म्हणून काय त्यांना मुंडी नाही?"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक एवढीच झाली, की सकाळी मुळ्यांना पाणी घालताना फिर्मिनने हा बेत कुंपणापलीकडच्या ओडीलला सांगितला. ओडीलची हॉप्सची बाग होती. बिअरला कडवटपणा देणारी ती फुलं त्याने आयुष्यभर पिकवली, आणि त्यातला बराचसा कडवटपणा स्वभावातही उतरवून घेतला होता.

"मऊ चीजवर काळी बिअर?" ओडीलने नळी खाली टाकली. "अरे, तान्ह्या बाळाच्या अंगावर रणगाडा घालतोस का? चीजला गोरी बिअर लागते. गोरी, कडक, मिरीचा वास असलेली."

"गोरी?" रस्त्यापलीकडच्या खिडकीतून आवाज आला. तो क्लारिसबाईंचा. चर्चसमोरचा कॅफे त्यांनी नवऱ्यामागे एकटीने चालवला होता, आणि कॅफे बंद होऊन कित्येक वर्षं झाली तरी गाव अजून आपल्या काउंटरवरच टेकून उभं आहे असं त्या धरून चालत. "गोरी बिअर भरदुपारी सायकलवरचे पर्यटक पितात. मुंडीच्या वडीला काळीच पाहिजे. माझ्या कॅफेत लोक तेच मागायचे."

"तुझ्या कॅफेत लोक मिळेल ते प्यायचे," ओडील म्हणाला. "दुसरा कॅफे नव्हता ना गावात."

"आणि तू मिळेल त्याचंही उधार प्यायचास!"

फिर्मिन मध्ये उभा होता, हातात झारी. ज्या माणसाच्या घरी जेवण आहे त्याचंही काही मत असू शकतं, हा मुद्दा मांडायला त्याला जागाच मिळाली नाही. शेवटी असं ठरलं (कोणी ठरवलं ते कळलं नाही), की बुधवारी दुपारी रंगीत तालीम घ्यायची. गोरी आणि काळी, दोन्ही ठेवायच्या. चीज, वडी, मुळा, सगळ्यांशी लावून बघायच्या आणि मग निर्णय द्यायचा.

फिर्मिनने त्यासाठी कचेरीतून जेवणाची सुट्टी जरा लांबवली. तालीम अत्यंत गंभीरपणे झाली. चीजबरोबर गोरी छान लागली. मग क्लारिसबाईंनी वडीबरोबर काळी दिली, तीही छान लागली. मग ओडीलने शंका काढली, की चीजचा घास आधी खाल्ल्यामुळे जीभ पक्षपाती झाली असेल, म्हणून क्रम उलटा करून पुन्हा. मग मोहरीमुळे निकाल बिघडला असं क्लारिसबाईंना वाटलं, म्हणून मोहरीशिवाय पुन्हा. या बिअरमध्ये मद्यार्क शेकडा दहाच्या वर असतो, आणि शास्त्रीय प्रयोगाला भावना नसतात हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

त्या दिवशी चार वाजता खात्यात बैठक होती. विषय होता एका नाल्याची रुंदी. फिर्मिन आजवर अशा बैठकीत आकड्यांपलीकडे काही बोलला नव्हता. त्या दिवशी तो उठला आणि म्हणाला, की नाला हा लहान असला तरी त्याला मान असतो. शहरातून मोठ्या नद्या येतात, त्यांच्याकडे पेले असतात, पण पाणी शेवटी पाणीच. एवढं बोलून तो खाली बसला आणि नकाशावर डोकं ठेवून झोपला. साहेबांनी बैठक पाय न वाजवता संपवली. दुसऱ्या दिवशी दोन सहकाऱ्यांनी त्याला घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. तिसऱ्याने भाषणाची प्रत मागितली.

निर्णय काळीच्या बाजूने लागला. कारण सरळ होतं. गोरी तालमीत संपली होती.

काळीचीही क्लारिसबाईंकडची एकच बाटली उरली होती, तेव्हा आता ती आणायची. ती दुकानात मिळत नाही. मठाच्या फाटकावरच मिळते, तीही आधी फोन करून, आपल्या गाडीचा नंबर सांगून. एका गाडीला एक खोका. साधूंचा मुख्य धंदा प्रार्थनेचा आहे, बिअरचा नाही, आणि म्हणून त्यांचा फोन लागत नाही. फिर्मिनने सकाळी कचेरीतून लावला, दुपारी लावला, ओडीलच्या घरून लावला. प्रत्येक वेळी तोच आवाज, टूं टूं टूं. त्याला वाटायला लागलं की पलीकडे फोन नाहीच, फक्त आवाज आहे, आणि तो ऐकत राहणं हीच एक साधना असावी.

रोझानला पहिल्या प्रयत्नात लागला. ती दाताच्या डॉक्टरचा नंबर फिरवायच्या आधी सहज गंमत म्हणून बघत होती.

"शनिवारी सकाळी," तिने रिसीव्हर ठेवत सांगितलं. "बारापर्यंत फाटक उघडं असतं. दुसरा दिवस नाही म्हणाले. गाडीचा नंबर दिलाय."

"शनिवारी तर ते येणार!"

"ते एक वाजता. मठ काय चंद्रावर आहे?"

दरम्यान साधं जेवण अंग धरायला लागलं होतं. क्लारिसबाईंचं म्हणणं, सूप नसलं तर पाहुणे हात धुवायला आल्यासारखे वाटतात. ओडीलने माळ्यावर लटकवलेला अख्खा हॅम देऊ केला, आणि नको म्हटल्यावर असा चेहरा केला की तो घ्यावा लागला. मग भाताची खीर. मग खिरीला चेरीची जोड. रोझानने एकदाच विचारलं, "साधंच ना?" आणि पुढे विचारणं सोडून दिलं.

चीज मात्र फिर्मिन स्वतः करणार होता. ओडीलच्या पुतणीच्या गोठ्यातलं दूध आणलं, विरजलं, फाडलं, आणि पाणी निथळायला टांगायचं म्हणून कपाटातली स्वच्छ उशीची खोळ घेतली. ती बाथरूमच्या नळाला बांधली. सकाळी रोझान तोंड धुवायला गेली आणि अंधारात तिच्या गालाला काहीतरी गार, मऊ, ओलं लागलं. ती किंचाळली ते क्लारिसबाईंपर्यंत ऐकू गेलं. पण खरी गोष्ट नंतर उघड झाली. खोळ ज्या साबणाने धुतली होती त्याला लॅव्हेंडरचा वास होता. आता तो चीजला आला होता.

फिर्मिनने चाखलं. "कळत नाही फारसं."

रोझानने चाखलं. "माझ्या माहेरच्या कपाटाची आठवण आली."

"शहरातल्यांना आवडेल," क्लारिसबाईंनी न चाखता निकाल दिला.

शनिवार उजाडला. ऊन पडलं होतं, पेअरच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं, आणि फिर्मिन टाय लावून गाडीत बसला. किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली. पुन्हा फिरवली, तेव्हा खोकलीही नाही.

"बॅटरी," ओडील कुंपणावरून म्हणाला.

"बॅटरी नाही, तो पट्टा असणार," क्लारिसबाई म्हणाल्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

ओडीलची जुनी व्हॅन होती. पण तिचा नंबर वेगळा. मठात दिलाय तो फिर्मिनच्या गाडीचा. इथे फिर्मिनच्या डोक्यात तो विचार आला, ज्याचा त्याला पुढे बराच काळ अभिमान वाटत राहिला. आपल्या देशात नंबर गाडीचा नसतो, माणसाचा असतो. माणूस गाडी बदलतो, नंबर तोच राहतो. मग नंबर घेऊन माणूस गेला तर हरकत काय? त्याने स्क्रू-ड्रायव्हर आणला, आपल्या गाडीची मागची पाटी काढली, ती मांडीवर घेतली आणि ओडीलच्या शेजारी व्हॅनमध्ये बसला.

गावाबाहेर चौकात पोलीस जिनो उभा होता. त्याने हात केला.

"ओडील, मागचा दिवा गेलाय तुझा," तो खिडकीत वाकून म्हणाला. मग त्याची नजर फिर्मिनच्या मांडीकडे गेली. मग व्हॅनच्या पाटीकडे. मग पुन्हा मांडीकडे. "कालेवार्टसाहेब, हे काय?"

"माझा नंबर आहे."

"तो तुमच्या मांडीवर का?"

"मठात दाखवायचाय."

जिनोने टोपी काढून डोकं खाजवलं. "गाडीवर एक नंबर, मांडीवर दुसरा. पोलीस शाळेत आम्हाला याचं चित्र दाखवलं होतं, साहेब. त्यात फक्त माणसांनी तोंडाला रुमाल बांधले होते."

फिर्मिनने आपण कोण, कोणत्या खात्यात, किती वर्षं, हे सांगितलं. मग शनिवारचे पाहुणे सांगितले, नोटरी सांगितला, मुलगी सांगितली, चीजही सांगितलं. सरकारी माणसाने रस्त्याच्या कडेला उभं राहून चीजचा खुलासा द्यावा लागणं, यापरता अपमान त्याला आठवेना. जिनोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जा. पण कुणाला दाखवू नका ती पाटी."

पण ती दाखवायलाच तर चालले होते.

मठाच्या फाटकावर करड्या स्वेटरमधला एक सडपातळ माणूस वही घेऊन बसला होता. त्याचा आवाज इतका मऊ होता की त्याच्याशी भांडायला आपला आवाज कुठून सुरू करावा तेच कळत नसे.

"नंबर बरोबर आहे," तो पाटी निरखून म्हणाला. "गाडी कुठे आहे?"

"घरी."

"मग नंबर घरी का नाही?"

"साहेब, कायद्याने नंबर माणसाचा असतो. मी तो माणूस. हा तो नंबर."

"खरं आहे," तो हसला. "कायदा देशाचा. फाटक मठाचं. इथे खोका गाडीला देतात. तुमच्याकडे नंबर आहे, गाडी नाही. यांच्याकडे गाडी आहे, नंबर नाही. मी कुणाला देऊ?"

"दोघांना मिळून एक द्या!" ओडील म्हणाला.

त्या माणसाने खरोखर दुःखी होऊन मान हलवली. "गाडी घेऊन या. ती चालत असलीच पाहिजे असं काही नियमात नाही."

हे वाक्य त्याने उच्चारायला नको होतं. परतताना ओडील आणि फिर्मिन एकमेकांकडे न बघता एकच विचार करत होते.

अर्ध्या तासाने मोलेनकापेलच्या रस्त्यावरून जे निघालं त्याला काय म्हणावं हे गावात अजून ठरलेलं नाही. पुढे ओडीलचा ट्रॅक्टर, त्याला दोर, दोराला फिर्मिनची मेलेली गाडी, तिला पुन्हा स्क्रूने बसवलेली पाटी, आणि गाडीत टाय लावून, दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर ताठ नजर लावून बसलेला फिर्मिन. शनिवार असल्यामुळे सायकलवाल्यांचा एक मोठा क्लब मागे अडकला. त्यांनी आधी घंट्या वाजवल्या. मग कंटाळून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "दम धर! चढ संपत आला!" असं ते फिर्मिनला ओरडून सांगू लागले. घराघरांतून माणसं बाहेर आली. काहींनी न कळताच हात हलवले. चौकात जिनोने हे पाहिलं, एक दीर्घ श्वास घेतला, मोटारसायकलवर बसला आणि निळा दिवा लावून सगळ्यांच्या पुढे झाला. "एवढं मोठं वाहन नियमाप्रमाणे सोबतीशिवाय नेता येत नाही," तो म्हणाला. फिर्मिनला तेवढ्यातही बरं वाटलं, की अखेर कुणीतरी नियम आपल्या बाजूने वापरला.

खोका मिळाला. करड्या स्वेटरवाल्याने गाडी बघितली, दोर बघितला, ट्रॅक्टर बघितला, आणि वहीत बारीक अक्षरात बरोबरची खूण केली. मग मठाच्या दगडी फरसबंदीवरून गाडी परत निघाली. ही बिअर सरळ उभी, हळुवार न्यायची असते, कारण तळाशी गाळ असतो. मागच्या सीटवर खोका असा वाजत होता, की जणू साधू आत बसून टाळ कुटत होते.

गाडी परसाच्या फाटकातून आत ओढली गेली, तेव्हा पाहुणे येऊन उभे होते. अँटवर्पचे लोक, वेळेआधीच आलेले. नोटरी ह्यूबर्ट गोसेनार्ट्स राखाडी कोटात, त्यांच्या पत्नी सोलांज पांढऱ्या बुटांत, मागे वानेस, आणि लीझलोट, चेहरा मुळ्यापेक्षा लाल. निळा दिवा फिरत होता. सायकलवाले फाटकात गर्दी करून शेवट कसा होतो ते बघत होते. फिर्मिनने दार उघडायच्या आधी काच खाली केली. आपण मेलेल्या गाडीत बसलो आहोत हे त्याला त्या क्षणी आठवलं नसावं. "या, या!" तो आतूनच म्हणाला. "अगदी घरच्यासारखं बसा."

मग जेवण. म्हणजे जे उरलं ते. निळा दिवा बघायला रोझान बाहेर धावली, तेवढ्यात सूप तळाला लागलं. ओडीलचा हॅम ओडीलच्या कुलूपबंद घरात होता, आणि घराची किल्ली मठाच्या रस्त्यावर कुठेतरी ट्रॅक्टरवरून पडली होती. क्लारिसबाईंनी खीर सावलीत खुर्चीवर ठेवली होती. जिनोला "तू पण बस की" असं त्यांनीच सांगितलं, आणि तो बसला. ज्यावर बसला ती खुर्ची तीच होती.

टेबलावर राहिलं ते पाव, लोणी, चीज, मुळे, कांद्याची पात आणि मुंडीची वडी. फिर्मिनने टेबलावरून एकदा नजर फिरवली. त्याने आठवडाभर जे सांगितलं होतं ते आता पहिल्यांदा जमलं होतं, आणि ते जमवायला सगळं बिघडावं लागलं होतं.

त्याने पहिली बाटली उघडली. इतका वेळ फरसबंदीवर ठेचकाळलेली ती बाटली बाहेर पडायच्या संधीचीच वाट बघत होती. फेसाचा फवारा उडाला, नोटरीच्या कोटावर पडला, चष्म्यावर पडला, आणि थोडा पेल्यातही पडला.

नोटरीने चष्मा काढला. ओठ चाटले. "बऱ्यापैकी आहे," ते म्हणाले आणि कोट काढून झाडाला टांगला.

ती बिअर अर्थात गढूळ झाली होती. ओडील म्हणाला, "गाळ पोटाला चांगला." क्लारिसबाई म्हणाल्या, "गाळाने काही होत नाही, पण बाटली ओतायची अक्कल लागते." सोलांजबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. त्यांनी पावावर चीज लावलं, वर मुळ्याची चकती ठेवली आणि एक लहानसा घास घेतला. मग थांबल्या.

"यात काय घातलंय?"

रोझानला अचानक खोकला आला.

"घरचीच पद्धत आहे," फिर्मिन म्हणाला. "आमच्या खात्यातसुद्धा कुणाला माहीत नाही."

"लॅव्हेंडर!" सोलांजबाई म्हणाल्या. "ह्यूबर्ट, चाखून बघ. लॅव्हेंडर आहे. एवढा नाजूकपणा आपल्याकडच्या हॉटेलात सापडायचा नाही." त्यांनी दुसरा पाव घेतला. मग विचारलं, "आणि ही वडी?"

फिर्मिनने रोझानकडे पाहिलं. रोझानने आभाळाकडे पाहिलं.

"मुंडीची," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"डुकराच्या, मॅडम. गावातलं कुणी नाही."

नोटरी हसले. एकदम, घोरल्यासारखं, आणि स्वतःच दचकले. ते आयुष्यभर जेवताना अर्धा पेला वाइन घेत आलेले. पेला काळ्या बिअरचा असला तर तोही तेवढाच निरुपद्रवी असणार, असं ते सरळ धरून चालले होते. दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी टाय काढून जिनोला दिला. वडीचे तुकडे ते आता काट्याने नाही, हाताने घेत होते, मोहरीत बुडवून. काही वेळाने ते उठले, आणि मेलेल्या गाडीपुढे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरकडे बराच वेळ बघत राहिले.

"मला लहानपणापासून," ते ओडीलला म्हणाले, "कधी कुणी बसू दिलं नाही."

ओडीलने आधी ट्रॅक्टरची किल्ली खिशात टाकली, मग त्यांना वर चढवलं. अँटवर्पचे नोटरी गोसेनार्ट्स बंद ट्रॅक्टरवर बसून स्टिअरिंग फिरवू लागले, आणि थोड्या वेळाने तोंडाने इंजिनाचा आवाज काढू लागले. वळणावर ते हातही दाखवत होते.

त्या गडबडीत फिर्मिन मुळे धुवायला म्हणून पंपाजवळ गेला. लीझलोट तिथेच उभी होती. तिचे खांदे हलत होते. त्याला वाटलं, रडते आहे. त्याचं सगळं अवसान गेलं.

"लीझ," तो म्हणाला, "चुकलं माझं. हॉटेलात जायला पाहिजे होतं. तुला आमची लाज वाटते ते मला कळतंय, आणि आज मी..."

ती वळली. ती हसत होती, पण डोळे ओले होते. "लाज? कोण म्हणालं?"

"तूच. घरी कशाला म्हणालीस."

"अरे पपा!" तिने त्याच्या हातातले मुळे काढून घेतले. "मला तुमची लाज नाही, त्यांची भीती वाटत होती. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवले ना, तेव्हा मी आपल्यासारखं 'हूट' म्हणाले. जेवण हूट झालंय म्हणाले. तर वानेसच्या आईने सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. 'हूट नाही बाळ, खूट. खूट म्हणजे छान, हूट म्हणजे टोपी.' मला काही नाही वाटलं. पण तुला कुणी असं दुरुस्त केलं असतं ना, आपल्याच टेबलावर, तर ते मला बघवलं नसतं. हॉटेलात निदान कुणी बोलत नाही."

मोलेनकापेलमध्ये सगळेच 'हूट' म्हणतात. घशातून खरवडून 'खूट' काढायची इथे कुणाला गरजच पडलेली नाही. फिर्मिन स्वतः दिवसातून कितीदा 'हूट' म्हणतो ते त्याला आता पहिल्यांदा जाणवलं. त्याने पंपाचा दांडा दोनदा उगाच हलवला.

"वानेस काय म्हणाला तेव्हा?"

"तो त्या दिवसापासून मुद्दाम 'हूट'च म्हणतो. आईला चिडवायला."

"पोरगा बरा दिसतोय," फिर्मिन म्हणाला. यापूर्वी त्याने तसं ठरवलेलं नव्हतं.

नोटरींना ट्रॅक्टरवरून उतरवायला जिनो, ओडील आणि वानेस तिघे लागले. उतरल्यावर ते झाडाखाली खुर्चीत बसले आणि हातात वडीचा तुकडा घेऊन झोपले. सोलांजबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग बूट काढून पाय गवतात ठेवले. रोझानने त्यांना कॉफी दिली. दोघी बायका बराच वेळ हळू आवाजात काही बोलत होत्या, आणि मधूनमधून फिर्मिनकडे बघून हसत होत्या. काय बोलल्या ते रोझानने आजतागायत सांगितलेलं नाही.

संध्याकाळी वानेस गाडी चालवायला बसला. त्याने दिवसभर पाणीच प्यायलं होतं. नोटरी मागे, कोटाशिवाय आणि अगदी समाधानात. लीझलोट "मी उद्या येते" म्हणून मागे राहिली. हे तिने बऱ्याच महिन्यांत केलं नव्हतं. सोलांजबाई पुढच्या खिडकीतून फिर्मिनचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "कालेवार्टसाहेब, काय सांगू. पाव खूट, चीज खूट, बिअर तर फारच खूट!"

फिर्मिन सरळ उभा राहिला. नाल्यांच्या बैठकीत उभा राहतो तसा. लीझलोटने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"मॅडम," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "इथे तसं नाही म्हणत. घशाला त्रास कशाला? नुसता श्वास सोडायचा. हूट."

सोलांजबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या होणाऱ्या सुनेकडे.

"हूट," त्या म्हणाल्या.

"जरा आणखी मोकळं," फिर्मिन म्हणाला. "काही घाई नाही."